फ्लेमिंगोचे भाऊबंद : चुकीच्या पंगतीत बसलेल्या पक्ष्याचा प्रकरण अभ्यास

टिबुकली हा ओंजळीत मावेल एवढा पाणपक्षी. अंग बसके, शेपूट जवळजवळ नाहीच. पाय इतके मागे की पाण्याबाहेर आली तर चार पावलेही धड टाकता येत नाहीत. चाहूल लागली की बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते; आपण नजर रोखून बसतो तिथे ती कधीच येत नाही. आता तिच्या शेजारी फ्लेमिंगो उभा करा. अंगाच्या मानाने पाहिले तर पक्ष्यांत सर्वांत लांब पाय त्याचे, मानही तशीच, गुलाबी पिसे आणि मध्येच मोडून खाली वळल्यासारखी चोच. बुडी मारणे त्याच्या गावीही नाही. हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे हयात भाऊबंद आहेत असे सांगितले, तर ऐकणारा आधी हसतो. पक्षिशास्त्रज्ञही हसलेच होते.

फ्लेमिंगोला कोणत्या पक्ष्यांच्या पंगतीत बसवायचे, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जास्त काळ रेंगाळला. या काळात त्याला करकोच्यांत बसवून झाले, बदकांत बसवून झाले, शेकाट्यांतही बसवून झाले, आणि प्रत्येक वेळी बसवणाऱ्याच्या हातात बऱ्यापैकी पुरावा होता. म्हणून हे प्रकरण मला मोलाचे वाटते. इथे कोणी आळशी नव्हते, कोणी अडाणी नव्हते. पुरावाच दिशाभूल करत होता, आणि तो तसे का करत होता हे बऱ्याच उशिरा कळले.

आधी शब्दांचे बघून घेऊ. गण म्हणजे ऑर्डर, कुल म्हणजे फॅमिली, वंश म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, या अर्थाने मी हे शब्द वापरतो आहे. 'प्रजाती' मुद्दाम टाळला आहे. कोणी तो जीनससाठी वापरतो, कोणी स्पीशीजसाठी, आणि मग फ्लेमिंगो राहतो बाजूला, भांडण शब्दावरून जुंपते. पाणडुबी हा शब्द मी ग्रीब कुलातल्या सुमारे २० जातींसाठी सरसकट घेतला आहे. टिबुकली त्यांतलीच एक.

दोन घरचा पाहुणा

जीवांना शास्त्रीय नावे देणारा स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियस याने १७५८ साली फ्लेमिंगोला फिनिकॉप्टेरस रूबर हे नाव दिले. फिनिकॉप्टेरस म्हणजे किरमिजी पंखांचा. मराठीतले 'अग्निपंख' हे नाव त्याच वाटेने गेलेले आहे. लिनियसने त्याला लांब पायांच्या, पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांच्या गठ्ठ्यात टाकले. त्या काळी उत्क्रांतीची कल्पनाच रुजलेली नव्हती, त्यामुळे 'नाते' हा शब्द दिसण्यापुरताच होता. लांब पायांचे एका खणात, पडदेवाल्या पायांचे दुसऱ्या खणात, इतका साधा हिशोब.

पण फ्लेमिंगोचे पाय लांबही आहेत आणि त्यांना पडदेही आहेत. गाडे अडले ते इथेच.

१८६७ साली थॉमस हेन्री हक्सले हा इंग्रज जीवशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या टाळूची हाडे पाहून त्यांचे वर्गीकरण करत होता. ही हाडे बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे रंगरूपाला भुलण्याची भीती कमी, आणि त्या काळच्या मानाने ही पद्धत पुढची होती. फ्लेमिंगोपाशी आल्यावर मात्र त्यालाही तो एका बाजूला ढकलता येईना. त्याने फ्लेमिंगोसाठी अँफिमॉर्फी असा वेगळा गटच काढला आणि तो हंस-बदके आणि करकोचे यांच्या मधोमध ठेवला. नावाचा अर्थच मुळी 'दोन्हीकडच्या रूपाचे'. पुढची शंभर वर्षे वाद झाला तो याच फटीत. फ्लेमिंगो डावीकडच्या घरचा की उजवीकडच्या, एवढेच विचारले जात होते. तो या दोन्ही घरांचा नसेल, ही शक्यता फारशी कोणी मनावर घेतली नाही.

करकोच्यांच्या बाजूने बोलणारे सांगाड्याकडे बोट दाखवत. लांब पाय आणि मान तर होतीच, शिवाय कटीची हाडे आणि बरगड्याही त्यांना करकोच्यांसारख्या वाटत. १९६०च्या दशकात अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिने तपासण्याची पद्धत आली, आणि तिचाही कौल करकोचे-बगळ्यांकडे झुकला. बदकांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही कमी काही नव्हते. पायांचे पडदे, पाणी न धरणारी पिसे आणि हंसासारखा कलकलाट ही त्यांची यादी. पिल्ले काही दिवसांत घरटे सोडून पोहू लागतात, तर करकोच्याची पिल्ले कितीतरी आठवडे घरट्यातच असतात. चोचीच्या कडेला बदकासारखी बारीक पट्ट्यांची चाळण असते. आणि शेवटी उवा.

या उवांवर जरा थांबायला हवे. पक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या उवा अंगावरून उतरल्या की फार जगत नाहीत. त्या बहुतेक वेळा आईबापांच्या अंगावरून पिल्लांच्या अंगावर जातात, म्हणजे वारशातच मिळतात म्हणा ना. त्यामुळे दोन पक्ष्यांच्या उवा एकाच वंशातल्या निघाल्या तर त्या पक्ष्यांचे पूर्वजही एकच असावेत, असा तर्क करता येतो. फ्लेमिंगोच्या अंगावर सापडणाऱ्या काही उवा ज्या वंशांतल्या आहेत, ते वंश बदकांच्या अंगावरही सापडतात. बदकवाल्यांसाठी हा हुकमाचा एक्का होता. या एक्क्याचे पुढे काय झाले ते नंतर येईलच.

१९७६ मध्ये ॲलन फेडुशिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिसरेच दार ठोठावले, आणि १९८० मध्ये स्टॉर्स ओल्सन यांच्यासह त्याने सविस्तर मांडणी केली. फ्लेमिंगो ना करकोचा ना बदक, तो शेकाट्या-उचाट्यांच्या, म्हणजे किनारपक्ष्यांच्या घरचा. ऑस्ट्रेलियातला पट्टेरी शेकाट्या खाऱ्या तळ्यांवर थव्याने विणीला जमतो, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव खातो आणि त्याची पिल्ले पांढुरक्या लवेची असतात. वाचताना फ्लेमिंगोचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते. याच कामात त्यांनी इओसीन काळातला, सुमारे ५ कोटी वर्षे जुना, लांब पायांचा जंसिटार्सस हा जीवाश्म पक्षी मांडला आणि त्याला शेकाट्या व फ्लेमिंगो यांच्यामधला दुवा मानले. बदकाशी नाते जोडणाऱ्यांना त्यांनी जबड्याच्या बांधणीवरून उत्तर दिले, आणि ते उत्तर पक्के होते. चाळण दोघांनाही आहे, पण ती चालवणारी यंत्रणा वेगळी आहे.

चोच जवळून

फ्लेमिंगोची चोच हातात घेऊन पाहिली तर पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे ती उलटी वाटते. बहुतेक पक्ष्यांत वरचा भाग मोठा आणि खालचा त्यावर बसणारा. इथे खालचा भाग खोल डोणीसारखा आणि वरचा झाकणासारखा. खाताना पक्षी मान खाली सोडून डोके उलटे करतो, म्हणजे झाकण खाली आणि डोणी वर. डोणीत जाड, मांसल जीभ असते. ती दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते, तेही सेकंदाला कित्येक वेळा. कडेच्या बारीक पट्ट्यांमध्ये शेवाळ आणि किटुक-मिटुक जीव अडकतात.

बदकाची चोच चपटी, सरळ, आणि ते डोके उलटे करत नाही. चाळणीने खाण्याची युक्ती मात्र तीच. समुद्रावरच्या प्रायन पक्ष्यांतल्या काहींनाही चोचीत अशाच पट्ट्या असतात, आणि त्यांचे ना बदकाशी जवळचे नाते ना फ्लेमिंगोशी. पाण्यात बारीक खाणे तरंगत असेल आणि ते एकेक टिपणे परवडत नसेल, तर गाळून घेणे हाच मार्ग उरतो. मग ज्याला त्याची गरज पडते त्याच्या चोचीत चाळण घडत जाते, तो कोणाच्याही घरचा असो.

डार्विनने १८५९ साली हे नेमके लिहून ठेवले होते. शरीराचा जो भाग विशिष्ट राहणीशी जितका कमी जोडलेला, तितका तो वर्गीकरणाला जास्त उपयोगी, असा त्याचा आशय. लांब पाय, पडदे, चाळण, पोहणारी पिल्ले, खाऱ्या तळ्यावरची वसाहत, ही वरची सगळी यादी पोटापाण्याची आहे. पोटापाण्याच्या खुणांवरून धंदा ओळखता येतो, घराणे नाही. दोन माणसांच्या हातांना सारखे घट्टे पडलेले असले तर दोघेही कुदळ चालवत असतील एवढेच ठरते. डार्विनचे ते वाक्य सगळ्यांना पाठ होते, शिकवलेही जात होते. पण पाठ असणे आणि समोर फ्लेमिंगो उभा असताना आठवणे यांत अंतर पडतेच.

पाणडुबीचीही तीच गत

गंमत अशी की तिकडे पाणडुब्याही चुकीच्याच पंगतीत बसल्या होत्या. लिनियसने त्यांना लून नावाच्या उत्तरेकडच्या पाणबुड्या पक्ष्यांबरोबर एकाच वंशात घातले, आणि ते बरोबरच वाटत होते. दोघेही पायांनी पाणी कापत बुडी मारतात, दोघांचेही पाय पार मागे. १९३५ मध्ये माक्स स्टोल्पे या जर्मन शास्त्रज्ञाने दोघांच्या पायांची तुलना करून दाखवले की हे साम्य वरवरचे आहे. लूनच्या बोटांमध्ये सलग पडदा, तर पाणडुबीच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळी, आणि हाडांची घडणही वेगळी. तरी पुस्तकांत दोघे लागून छापले जातच राहिले. म्हणजे एकीकडे फ्लेमिंगोला लांब पायांनी फसवले, दुसरीकडे पाणडुबीला आखूड पायांनी. दोन भाऊ दोन वेगवेगळ्या गर्दीत हरवले होते आणि दोन्ही गर्द्यांत ते उठून दिसत नव्हते.

२००१

मार्सेल व्हॅन टुइनेन, डेव्ह बटव्हिल, जॉन किर्श आणि ब्लेअर हेजेस या चौघांना मुळात फ्लेमिंगोचा निकाल लावायचा नव्हता. पाणपक्ष्यांमधली साम्ये कितपत एका पूर्वजाकडून आलेली आणि कितपत राहणीतून घडलेली, हा त्यांचा व्यापक प्रश्न. त्यासाठी त्यांनी डीएनए दोन प्रकारे तपासला. एक, दोन जातींच्या डीएनएचे धागे एकमेकांना किती घट्ट चिकटतात ते मोजून. आणि दुसरे, प्रत्यक्ष अक्षरक्रम वाचून. दोन्हीकडे फ्लेमिंगोला सर्वांत जवळची निघाली पाणडुबी.

अशा निकालावर पहिली शंका घ्यायची ती नमुन्याचीच. नळीत भलतेच काही मिसळले का? एखाद्या पक्ष्याचा डीएनए फार वेगाने बदलला असेल तर तोही हिशोब बिघडवतो. शंका रास्त होत्या आणि त्यांना उत्तर एकच होते, दुसऱ्यांनी वेगळ्या जनुकांवर तेच करून पाहणे. पुढच्या काही वर्षांत ते झाले. २००८ मध्ये शॅनन हॅकेट आणि सहकाऱ्यांनी १६९ जातींवर मोठी तपासणी केली, तिच्यातही हीच जोडी घट्ट बसली. दरम्यान २००५ मध्ये जॉर्ज सँगस्टर यांनी या जोडीला मिरँडॉर्निथीस असे नाव देऊनही टाकले. अर्थ 'नवल वाटावे असे पक्षी'. शास्त्रीय नावात एवढा मोकळा आश्चर्योद्गार क्वचित दिसतो.

अंड्यावरचा चुना

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग डीएनएचा नाही. तो २००४ मधला आहे. गेराल्ड मायर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञाने ठरवले की डीएनए खरे बोलत असेल तर शरीरावर कुठेतरी खूण असलीच पाहिजे. आणि ती त्याला सापडली. एक नाही, बऱ्याच.

अंडे घ्या. पक्ष्यांच्या अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. फ्लेमिंगोच्या अंड्यावर त्याच्याही वर खडूसारखा पांढरा थर असतो आणि तो कॅल्शियम फॉस्फेटचा आहे, तोही स्फटिकरूप नसलेला. पाणडुबीच्या अंड्यावर तोच थर. तिचे ताजे अंडे पांढरट दिसते, मग ओल्या, कुजत्या पानांच्या घरट्यात राहून तपकिरी डागाळते, त्यामुळे हा थर नजरेत भरत नाही. पाणकावळ्यांच्या अंड्यांवरही चुनकट थर असतो, पण तो कार्बोनेटचाच. म्हणजे नुसते डोळ्यांनी पाहून पाणकावळाही या यादीत घुसला असता. रसायन पाहिल्यावर तो बाहेर पडतो.

पंखाची मोठी उड्डाणपिसे मोजा. बहुतेक पक्ष्यांत ती नऊ किंवा दहा असतात. या दोघांत अकरा. पाठीचे किमान चार मणके जुळून एक सलग दांडा झालेला, मानेचे चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे मणके चांगलेच लांबलेले. पायाची नखे टोकदार नसून आपल्या नखांसारखी चपटी. यांतल्या एकाही गोष्टीचा फ्लेमिंगोच्या चाळणीशी किंवा टिबुकलीच्या बुडीशी सरळ संबंध लावता येत नाही, आणि त्यांचे वजन आहे ते त्यामुळेच. अकरावे पीस करकोच्यांतही असते हे मान्य, म्हणून ते एकटे काही ठरवत नाही. पण अंड्यावरच्या फॉस्फेटला तसा दुसरा दावेदार नाही.

आता जरा ओशाळायला लावणारी बाब. अंडी संग्रहालयांत शंभर वर्षांपासून पडून होती. पिसे कोणीही मोजू शकत होते. पण दोन ट्रे एका टेबलावर आणून ठेवायचे कारणच कोणाला नव्हते. फ्लेमिंगोची अंडी करकोच्याच्या नाहीतर बदकाच्या अंड्यांशी ताडून पाहिली जात. तुलना कोणाशी करायची हेच आधीच्या मताने ठरवलेले असले तर उत्तरही त्याच वर्तुळात फिरते.

मान्य नसलेले

सगळ्यांनी माना डोलावल्या असे मात्र झाले नाही. रॉबर्ट स्टोरर यांनी आयुष्याची कित्येक दशके पाणडुब्यांवर घालवली होती. त्यांनी २००६ मध्ये या नात्याचे लेखी खंडन केले. पाणडुबीचे हाडन् हाड ओळखणाऱ्या माणसाला हे नाते पटू नये, हे मला वाईट नाही वाटत. 'आधी उत्तर सांगायचे आणि मग शरीरावर खुणा शोधायच्या' या पद्धतीवरचा आक्षेप रास्तच आहे. कोणत्याही दोन पक्ष्यांत शोधायला बसले तर चार-दोन साम्ये निघतातच. मायर यांच्या यादीला वजन आले ते तिच्या लांबीमुळे नाही. डीएनएने स्वतंत्रपणे तेच सांगितले म्हणून.

२००७ मध्ये तर आणखी मोठा धक्का यायचा होता. ब्रॅडली लिव्हझी आणि रिचर्ड झुसी यांनी शरीररचनेची तब्बल २,९५४ लक्षणे नोंदवून सगळ्या पक्ष्यांचा कुलवृक्ष काढला. इतके कष्टाचे शरीरशास्त्रीय काम पक्ष्यांवर आधी झालेले नव्हते. त्यांच्या वृक्षात पाणडुबी पुन्हा लूनच्या शेजारी जाऊन बसली. लक्षणे कितीही वाढवली तरी बुडी मारण्यासाठी पायात, कटीत, मांडीत एकदम झालेले शंभर बदल शंभर साक्षीदार म्हणून मोजले जात असतील, तर ते एकाच माणसाने शंभरदा सही करण्यासारखे आहे. त्या कामाचा आदर ठेवूनही असे म्हणावे लागते की नेमकी हीच चूक तिथे झाली.

आणि उवा? २००६ मध्ये केव्हिन जॉन्सन, मार्टिन केनेडी आणि केव्हिन मॅक्रॅकन यांनी उवांचाच डीएनए तपासला. फ्लेमिंगोच्या उवांना सर्वांत जवळच्या निघाल्या त्या पाणडुबीच्या उवा! बदकांच्या अंगावर तशा उवा आहेत हे खरे, पण त्या बहुधा फ्लेमिंगोकडूनच बदकांकडे गेल्या. एकाच तळ्यावर शेजारी-शेजारी राहिल्यावर कधीतरी असे होतेच. बदकवाल्यांचा हुकमाचा एक्का एकशेऐंशी अंशांत फिरून दुसऱ्याच्याच हातात गेला. पोटातल्या पट्टकृमींचीही अशीच साक्ष आहे. अमाबिलिडी नावाचे पट्टकृमींचे एक कुल फक्त पाणडुब्या आणि फ्लेमिंगोंच्या आतड्यांत सापडते. हे खूप आधीपासून माहीत होते. फक्त विचित्र योगायोग म्हणून बाजूला ठेवलेले होते.

जोडी ठरली, जागा ठरेना

फ्लेमिंगो आणि पाणडुबी हे भाऊबंद, इतके पक्के झाले. पण ही जोडी पक्ष्यांच्या मोठ्या वृक्षावर कुठल्या फांदीला लावायची? इथे गोष्ट पुन्हा घसरली, आणि या वेळी घसरवणारा डीएनएच होता.

२०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळाच्या सगळा डीएनए, वाचून एरिच जार्व्हिस आणि मोठ्या चमूने वृक्ष प्रसिद्ध केला. त्यात ही जोडी कबुतरे आणि पखुर्ड्या यांच्या फांदीवर बसली. लगेच अनेकांना आठवले की कबुतर आपल्या पिल्लांना अन्नपिशवीतले 'दूध' पाजते, आणि फ्लेमिंगोही पाजतो, तेही लालभडक! मोह आवरणे कठीण. पण टिबुकली असे काही पाजत नाही, आणि तिकडे दूरचा एम्परर पेंग्विनही अन्ननलिकेतून तसाच स्राव देतो. म्हणजे पुन्हा पोटापाण्याचीच खूण, फक्त या वेळी पिल्लांच्या पोटाची. पुढच्याच वर्षी १९८ जातींवरच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात ही जोडी कबुतरांपासून तुटून किनारपक्ष्यांजवळ गेली. दोन्हीकडे प्रचंड माहिती, दोन्हीकडे खात्रीची भाषा, उत्तरे वेगळी.

उलगडा २०२४ मध्ये झाला. योसेफिन स्टिलर आणि सहकाऱ्यांनी २१८ कुलांतल्या ३६३ पक्ष्यांचे जीनोम तपासले, आणि त्याच वेळी सियावाश मिरारब आणि सहकाऱ्यांनी जुन्या निकालाची चूक शोधून काढली. ती गुणसूत्र क्रमांक ४ च्या एका तुकड्यात होती.

प्रत्येक पिढीत आईकडचे आणि बापाकडचे जनुकांचे पत्ते पिसले जातात. त्यामुळे गुणसूत्राचा प्रत्येक छोटा तुकडा आपापला इतिहास घेऊन येतो. एखादा तुकडा चुकीचे सांगतो, दुसरा बरोबर; हजारो तुकड्यांची बेरीज केली की सत्य वर येते. पण पक्ष्यांच्या पूर्वजांत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्या सुमारास, या गुणसूत्रावरचा सुमारे २ कोटी १० लाख अक्षरांचा एक अखंड पट्टा पिसलाच गेला नाही. त्याच्या दोन आवृत्त्या एकमेकींत न मिसळता कित्येक लाख वर्षे शेजारी नांदल्या. त्या काळात पक्ष्यांच्या फांद्या झपाट्याने फुटत होत्या. शेवटी कोणत्या फांदीला कोणती आवृत्ती मिळाली हा नशिबाचा भाग, आणि फ्लेमिंगो-पाणडुबी व कबुतरे यांच्या वाट्याला एकच आवृत्ती आली. हा पट्टा एकमुखाने आणि मोठ्या आवाजात 'हे कबुतरांचे भाऊबंद' असे ओरडत होता, आणि ४८ जातींच्या गर्दीत त्याचाच आवाज वर राहिला. तो बाजूला काढला की कबुतरांचा दावा विरून जातो.

त्याच्याशिवाय जे उरते ते असे. कोंबड्या-बदके आणि शहामृगांकडचे पक्षी सोडले तर बाकी सगळ्या पक्ष्यांचा जो मोठा समूह आहे, त्यातून सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी म्हणजे ही जोडी. कबुतर, कावळा, घार, पोपट, करकोचा, शेकाट्या हे सगळे एका बाजूला. फ्लेमिंगो आणि टिबुकली दुसऱ्या बाजूला. हक्सलेच्या दोन घरांपैकी करकोच्याचे घर या हिशोबाने कावळ्याइतकेच लांब आहे आणि बदकाचे त्याहूनही पलीकडे.

घरातली वाटणी

फ्लेमिंगोंच्या आपसातल्या वर्गीकरणावर फार वेळ घालवायची गरज नाही. जाती सहा, वंश तीन. फिनिकॉप्टेरसमध्ये मोठा, अमेरिकी आणि चिली फ्लेमिंगो. फिनिकोनायसमध्ये एकटा छोटा फ्लेमिंगो. फिनिकोपॅरसमध्ये अँडीज पर्वतातले दोन, अँडियन आणि जेम्सचा. शेवटच्या दोघांना मागचे बोट नसते, त्यावरून त्यांचा वंश वेगळा. छोटा फ्लेमिंगो आणि अँडीजचे दोघे यांची चोच खोल आणि चाळण बारीक, बाकी तिघांची त्या मानाने उथळ. डीएनएही घर याच रेषेवर दुभागतो. एकदा तरी पोटापाण्याची खूण आणि रक्ताचे नाते एकाच बाजूने बोलले.

जेम्सचा फ्लेमिंगो बराच काळ नामशेष समजला जात होता. १९५०च्या दशकात बोलिव्हियातल्या लागुना कोलोराडा या लालसर तळ्यावर तो पुन्हा सापडला. मोठ्या फ्लेमिंगोला पालास या निसर्गतज्ज्ञाने १८११ मध्येच रोझियस हे नाव दिले होते, पण विसाव्या शतकात बराच काळ तो अमेरिकी फ्लेमिंगोची उपजाती म्हणून वावरला. त्यामुळे जुन्या यादीत 'रूबर' दिसला तर तो कोणता, हे ठिकाण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

शिल्लक राहिलेले

या जोडीचा समाईक पूर्वज चालणारा होता की पोहणारा? मधला म्हणावा असा एक पक्षी जीवाश्मांत आहे, पॅलेलोडस. फ्रान्समधल्या थरांतून मिळालेल्या हाडांवरून १८६३ मध्ये आल्फोंस मिल्न-एडवर्ड्स याने त्याचे वर्णन केले. पाय लांबट, पण पायाचे हाड दोन्ही बाजूंनी चेपलेले, पाणी कापण्यासाठी असावे तसे, जवळजवळ पाणडुबीसारखे. त्यावरून पूर्वज पोहणारा होता आणि फ्लेमिंगो नंतर पायांवर उभा राहिला असे म्हणता येते. पण फेडुशिया-ओल्सन यांचा तो जंसिटार्सस आता याच जोडीच्या मुळाशी ठेवला जातो, आणि तो पॅलेलोडसहून बराच जुना, सडसडीत पायांचा, चालणारा आहे. म्हणजे शेकाट्यांचा दुवा म्हणून मांडलेला पक्षी भलत्याच वादात कामाला आला आहे. मला सध्या चालणाऱ्याची बाजू किंचित जड वाटते, पण पैज लावायची झाली तर मी हात आखडता घेईन. मिल्न-एडवर्ड्सने त्या मधल्या पक्ष्याचे जातिनाम ठेवले होते ॲम्बिग्युअस, म्हणजे संदिग्ध.

गणांचा प्रश्नही तसाच आहे. फ्लेमिंगोंचा फिनिकॉप्टेरिफॉर्मिस आणि पाणडुब्यांचा पॉडिसिपेडिफॉर्मिस हे दोन गण एक करावेत का? नाते सख्खे असले म्हणून गण एकच असला पाहिजे असा नियम नाही. रेघ कुठे मारायची हे माणसे ठरवतात, आणि प्रचलित याद्यांनी दोन गण तसेच ठेवून त्यांना फक्त शेजारी-शेजारी आणले आहे. माझ्याकडचे पक्ष्यांचे पुस्तक जुन्या क्रमाचे आहे. त्यात करकोचे संपले की फ्लेमिंगो येतो आणि लगेच बदके सुरू होतात, बरोबर हक्सलेच्या त्या फटीत. त्या पानाच्या कोपऱ्यात मी टिबुकलीचा पानक्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. टिबुकलीच्या पानावर फ्लेमिंगोचा लिहायचा अजून राहिला आहे.